दोन साचे, तीन साचे, आठ माग : ही तुलना मांडायची कशी?

वहिफणी | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोनेक वर्षं नुसती वाचून जायची, आज लिहायची पाळी आली.

मी इचलकरंजीची. कॉलेजात इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर; म्हणजे परीक्षा आल्या, सुट्ट्या लागल्या की पगारही सुट्टीवर. पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. नोंदणी करताना उत्साहाच्या भरात विषयाचं नाव लांबलचक देऊन बसले : विणकामातला कामाचा भार, मुंबई, लँकेशायर, जपान आणि इचलकरंजी. गेल्या महिन्यात प्रगती अहवाल मांडला, तेव्हा समितीतल्या एका सरांनी चष्मा काढून विचारलं, "मॅडम, शेवटचं नाव चुकून पडलंय का?" सगळे हसले. मीही हसले. मग ते म्हणाले, एक तर मुंबई करा नाहीतर तुमचं गाव करा, जगाचं नंतर बघू. माझे मार्गदर्शक त्या वेळी पाण्याची बाटली उघडत होते, ती बराच वेळ उघडतच राहिले.

आता खरी अडचण. कापडगिरण्यांचा इतिहास वाचताना एक आकडा पावलोपावली आडवा येतो : एका माणसामागे माग किती. (मुंबईत म्हणायचं साचे, आमच्याकडे माग. वस्तू एकच.) इंग्लंडातल्या लँकेशायरची विणणारी बाई चार बघते, मुंबईचा साचेवाला दोन. १९२८ साली ससून गटाच्या गिरण्यांत दोनाचे तीन साचे करायला निघाले आणि त्याच वर्षी दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर राहिले. संपाची कारणं आणखीही होती, पण हे एक ठळक होतं. मालकांचं म्हणणं तेव्हापासून तेच : इंग्लंडमध्ये चार चालतात, तुम्हाला तीन का जड?

पुढे हाच आकडा विद्वानांच्या हाती आला. ग्रेगरी क्लार्क यांच्या १९८७ च्या लेखात हिशेब आहे : १९१० साली अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधला एक गिरणी कामगार जेवढं काम उरकी, तेवढ्याला ब्रिटिश दीड लागत, जर्मन २.३ आणि ग्रीक, जपानी, हिंदी किंवा चिनी जवळजवळ सहा. यंत्रं तीच, माणसं जास्त. मग कारण काय, तर त्यांच्या मते ते त्या त्या ठिकाणच्या कामगारातच. लेख हुशार आहे, आकडे नीट जमवलेत, मला तो आवडतो आणि वाचला की दर वेळी डोकं तापतं.

कारण माझे वडील. वडील १९७९ पासून मागावर. सुरुवातीला दोन माग, मग चार, माझ्या दहावीच्या वर्षी सहा, पुढे आठ. शेडमधले अर्धे माग मालकांनी मुंबईच्या एका बंद पडलेल्या गिरणीतून आणले होते. त्यातल्या एकाच्या बिडाच्या बाजूवर उठावाची इंग्रजी अक्षरं होती : बटरवर्थ अँड डिकिन्सन, बर्नली. वडिलांना इंग्रजी येत नाही. ते त्याला 'बटऱ्या' म्हणायचे. "आज बटऱ्या रुसलाय" म्हणजे त्या मागाचा धोटा (आडवं सूत घेऊन ये-जा करणारा लाकडी तुकडा) वारंवार अडकतोय. मी सहावीत असताना ती अक्षरं बोटानं चाचपून वाचली होती, हाताला लागलेलं काळं वंगण शाळेच्या फ्रॉकला पुसलं आणि घरी मार खाल्ला. माझ्या संशोधनाची सुरुवात तीच म्हणायची.

म्हणजे बघा. लँकेशायरमधल्या बर्नलीत ओतलेला माग. तिथे एक बाई असे चार चालवायची. तोच मुंबईत आला तर एक माणूस दोन चालवायचा. तोच इचलकरंजीत आला तर माझा बाप आठ चालवायचा. लोखंड तेच. आता मुंबईकर आळशी, इंग्रज बाई मध्यम आणि माझे वडील न्यू इंग्लंडच्याही वरचढ असं म्हणायचं का? वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले, पण ते शास्त्र नव्हे.

आईचंही सांगायला हवं. ती कांडीवाली, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या कांड्यांवर सूत भरणारी. आठ माग एकटा माणूस चालवतो म्हणताना भरलेल्या कांड्यांची पेटी मागाशेजारी आपोआप येत नाही. तिच्या उजव्या तर्जनीवर आतल्या बाजूनं एक खाच आहे, सूत धरून धरून पडलेली. भाजी चिरताना अजून ती सुरी त्या खाचेत टेकवते.

विचारायचं इतकंच. ही तुलना प्रबंधात टिकेल अशी मांडता येईल का? की समितीचं ऐकून 'इचलकरंजीतील यंत्रमाग कामगार : एक अभ्यास' असं नाव देऊन मोकळी होऊ? लंडनला, मँचेस्टरला जायला पैसे नाहीत, हेही धरून सांगा. आणि ज्यांनी मागावर हात चालवलाय त्यांनी तर नक्की लिहा. इतिहासवाल्यांकडून काय ऐकायला मिळेल ते मला साधारण ठाऊक आहे.

---

दिवाणजी | बुधवार, सकाळी ७:०५

ताई, मी इचलकरंजीचाच. एकतीस वर्षं कारखान्यांच्या वह्या लिहिल्या. तुमचं 'आठ माग' हे बोलायला ठीक, हिशेबाला नाही.

आठ माग कशावर? साधं कापड, चांगलं सायझिंग म्हणजे खळ झालेलं भीम (ताण्याच्या सुताचा रूळ), मिक्स सूत, मागाची चाल थोडी कमी ठेवलेली, तर आठ जातात. तेच बारीक सुती लावा, वरून सायझिंग कच्चं, तर चारालाच माणूस रडकुंडीला येतो. सुताची तार तुटली की गाठ मारायला वेळ लागतोच, माणूस मुंबईचा असो नाहीतर विलायतेचा. मिनिटाला तारा किती तुटतात ते आधी विचारा, माग किती ते मागाहून.

दुसरं. गिरणीत कापडात चिरा दिसला की साचेवाल्याला दंड. आमच्याकडे 'फ्रेश' वेगळं, 'सेकंड' वेगळं, तुकडे फेंटमध्ये. बाजारात तिन्हीला गिऱ्हाईक. माल असा तिन्ही भावांनी खपतो तिथं माग वाढवता येतात. यात कामगाराच्या गुणाचा प्रश्न कमी, व्यापाऱ्याच्या गणिताचा जास्त.

तिसरं, बारा तासांची पाळी. मुंबईच्या गिरणीतल्या पाळीशी ती ताडून बघणार असाल तर आधी तास सारखे करून घ्या.

समितीच्या सरांना सांगा, विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग इथं बसवला. तो काही पंचगंगेत उगवला नव्हता. तेव्हापासून गाव जगाशी जोडलेलंच आहे.

---

सावळागोंधळ | बुधवार, सकाळी ९:२०

पदवी घ्या आणि सुटा. जागतिक वगैरे नंतर पुस्तकात करा. माझा 'तौलनिक' प्रबंध सात वर्षं चालला, शेवटी बहिःस्थ परीक्षकांनी विचारलं काय, तर पान १४० वरची तळटीप. तासिका तत्त्वावर असताना मोठा विषय म्हणजे आ बैल मुझे मार. कडू लागेल, पण भोगलंय म्हणून सांगतो.

---

जुना लालबागकर | बुधवार, दुपारी ३:१५

मुली, तू मागावर हात चालवलेल्यांनी लिहा म्हणालीस म्हणून लिहितो. नातू टाइप करतोय, मी सांगतोय.

तू साचे मोजते आहेस. साच्यापर्यंत पोचायला कोणाला मिळालं तेही मोज.

आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, महारवाड्यातलं. आजोबा मुंबईला आले ते परळच्या एका गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात लागले. माझे वडीलही त्रासनलाच. साचेखात्यात मजुरी जास्त, हे सगळ्यांना माहीत. तिथे आमच्या माणसाला घेत नसत. कारण तुझ्या वडिलांना विचार, ते एका क्षणात सांगतील. कांडी संपली की धोट्यात नवी घालायची, सुताचं टोक आतून धोट्याच्या डोळ्याशी न्यायचं, आणि धोटा तोंडाला लावून श्वास आत ओढायचा. फुर्रकन सूत डोळ्यातून बाहेर, सोबत तोंडात रुईचा फुफाटा. दिवसातून शेकडो वेळा. आता तोच धोटा पुढच्या पाळीचा माणूस तोंडाला लावणार. मराठा साचेवाला म्हणणार, महाराच्या तोंडचा धोटा मी कसा लावू? झालं. एवढ्या एका श्वासावर आमच्या दोन पिढ्या अडल्या.

१९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हेच पुढाऱ्यांपुढे ठेवलं होतं. साचेखात्यात आमच्या लोकांना जागा द्या आणि हे मागण्यांच्या यादीत घाला. लाल बावट्याची माणसं जगातल्या कामगारांची एकी सांगत होती, पण ही ओळ यादीत घालताना त्यांचा हात जड झाला होता. मी कोणाला नावं ठेवत नाही, मीसुद्धा नंतर लाल बावट्याच्याच मोर्च्यात चाललो.

मी स्वतः १९६९ ला साचेखात्यात लागलो. बदलीवर, म्हणजे कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी. आमच्या घरातला पहिला. माझ्या आधीच्या पाळीला एक वयस्कर साचेवाला होता, घाटावरचा. भला माणूस. मला गाठ मारायला त्यानंच शिकवलं, डाव्या हाताच्या दोन बोटांत दोन्ही टोकं धरून. पण पाळी सुटली की स्वतःचे धोटे फडक्यात गुंडाळून पेटीत कुलूप लावून जायचा. मी काही बोललो नाही, त्यानंही काही सांगितलं नाही. सहा-सात महिन्यांनी एका दिवशी कुलूप नव्हतं. का नव्हतं ते मी विचारलं नाही. हे कुठल्या अहवालात मिळणार नाही, म्हणून तुला सांगून ठेवतो.

आणि दोन साच्यांचं. मालक स्वस्त रुई मिसळायचे, सूत कच्चं यायचं, तारा तुटायच्या. दोन साच्यांवरसुद्धा पाणी प्यायला जायचं तर शेजारच्याला डोळ्यानं खुणावून जावं लागे. ओरडून ऐकू येत नसे, सगळं खुणांवर.

---

वहिफणी | बुधवार, रात्री १०:५०

काका, दोनदा वाचलं. नातवालाही धन्यवाद.

गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर), धोट्याला तोंड लावणं लँकेशायरमध्येही होतंच. तिथे त्याला 'धोट्याचं चुंबन' म्हणायचे. वाद तिथेही झाला, पण दातांचा, क्षयाचा, आरोग्याचा. मॅसॅच्युसेट्सनं १९११ मध्ये कायद्यानं बंद केलं, लँकेशायरमध्ये बंदी यायला १९५२ उजाडलं. वस्तू तीच, श्वास तोच. तिकडे डॉक्टर मध्ये पडले, इकडे जात. मी तीन वर्षं साच्यांची संख्या मोजत बसले आणि हे तळटिपेत टाकलं होतं!

दिवाणजी, तारा तुटण्याचं बरोबर आहे. १९२८ च्या संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीच्या अहवालात कामगारांच्या बाजूचं गाऱ्हाणं हेच आहे. काळाघोड्याच्या पुराभिलेखागारात चार दिवस बसून टिपलंय. पान उलटताना कडेचा तुकडा हातात येत होता, पंखा लावू देईनात, आणि पेन्सिल मोडली तर दुसरी आणायला जिना उतरून रस्ता ओलांडायचा.

---

ट्वेंटेकर | गुरुवार, पहाटे २:३० (इथे रात्रीचे अकरा)

मी नेदरलँड्समध्ये एन्स्खेडेजवळ राहतो. हा ट्वेंटेचा भाग, एकेकाळी इथे कापडगिरण्यांची धुराडी मोजायची सोय नव्हती, आता त्या गिरण्यांच्या जागी फ्लॅट आहेत. लोअर परळची आठवण येते, फक्त इथे कबुतरं कमी. कामगार इतिहासात थोडं काम केलंय म्हणून उत्तर देतो.

ताई, तुमच्या हातात बर्नलीची पाटी आहे आणि तुम्ही विचारताय विषय सोडू का! जरा त्या बर्नलीत काय चाललं होतं ते बघा. १९२९ मध्ये तिथल्या मालकांनी काही शेडमध्ये विणकरांना चाराऐवजी आठ माग देऊन पाहिले. १९३१ च्या जानेवारीत ते सगळीकडे लादायला निघाले, कामगार ऐकेनात, मालकांनी टाळेबंदी केली, आणि फेब्रुवारीत मालकांनाच माघार घ्यावी लागली. १९३२ च्या उन्हाळ्याअखेर पुन्हा मोठा संप झाला आणि मग सहा मागांवर तडजोड निघाली. म्हणजे मुंबईचे साचेवाले तीन नको म्हणाले त्याच्या तीनच वर्षांनी बर्नलीच्या बायका आठ नको म्हणत होत्या. मुंबईत हे 'हिंदी कामगाराची मानसिकता' ठरलं, बर्नलीत 'औद्योगिक वाद'. एकाच गोष्टीला दोन कपाटं. तुमचा अख्खा प्रबंध या दोन कपाटांच्या मधल्या फटीत मावतो.

त्याच १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरला गेले होते, डार्वेनला राहिले. कामगारांबरोबरचा तो हसरा फोटो सगळ्यांना माहीत असतो. फोटोतल्या बायका वर्षाच्या सुरुवातीला कशासाठी भांडल्या होत्या ते मात्र कोणी विचारत नाही.

आणखी एक, तुमच्या आईसाठी. लँकेशायरमध्ये सहा माग घेणारा विणकर हाताखाली मदतीला एक पोर ठेवायचा, 'टेंटर' म्हणत. त्या पोराचा पगार विणकर स्वतःच्या मजुरीतून द्यायचा. मग सहा माग एका माणसामागे, की दीड माणसामागे? भागाकार करताना खाली कोणाला धरलं आणि कोणाला वगळलं, हे प्रत्येक देशात वेगळं. जपानच्या सूतगिरण्यांत वसतिगृहात ठेवलेल्या कोवळ्या मुली, काही वर्षांच्या करारावर. इथे ट्वेंटेत घरात जुंपलेली मुलं. आकडा सरळ रेषेत दिसतो तो या माणसांना पुसून टाकल्यावर.

जाताजाता, यंत्राचा प्रवास एकाच दिशेचा धरू नका. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनं जगाला गिरण्या पुरवल्या, आणि १९२९ मध्ये त्याच प्लॅटनं जपानच्या टोयोडाच्या स्वयंचलित मागाचे हक्क १ लाख पौंडांना विकत घेतले. ज्यांना हे लोक सहाला एक समजत होते त्यांच्याकडून!

साधनांचं म्हणाल तर लंडनला जायची घाई नको. ब्रिटिश लायब्ररीवर २०२३ च्या ऑक्टोबरात सायबर हल्ला झाला तेव्हा इथले संशोधकसुद्धा महिनोन्महिने हात चोळत बसले होते. मुंबई सरकारचं 'लेबर गॅझेट' १९२१ पासून निघत होतं, त्यात मजुरीचे तक्ते खात्यानुसार आहेत. पुण्यात गोखले संस्थेच्या ग्रंथालयात चौकशी करा. ॲमस्टरडॅमच्या सामाजिक इतिहासाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २००४ साली वीसेक देशांच्या कापड कामगारांचा इतिहास एकत्र मांडायला अभ्यासक बोलावले होते, १६५० ते २००० असा पल्ला. तो खंड वाचा. त्यात देशामागून देश येतात, ते उपयोगाचं आहे, पण एकच माग देशातून देशात फिरताना त्यात दिसत नाही. तो तुमच्याकडे आहे. बर्नलीच्या कागदांसाठी प्रेस्टनच्या लँकेशायर अभिलेखागाराला ईमेल करा, यादी मागवा. नेमकं काय हवं ते ठाऊक असेल तर ती माणसं मदत करतात.

नाव मात्र लहान करा. समितीला लहान नावाची भीती वाटत नाही.

---

वहिफणी | रविवार, सायंकाळी ६:१०

उशीर झाला, मूल्यांकनाच्या फायलींत अडकले होते. कॉलेजात सध्या शिकवण्याचे पुरावे गोळा करण्यात शिकवायचे तास जातात.

ट्वेंटेकर, प्रेस्टनला ईमेल टाकला. तिघांचं लिहिलेलं छापून काढून मार्गदर्शकांना दिलं. त्यांनी लालबागकर काकांच्या मजकुराखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि म्हणाले, "यांची मुलाखत रीतसर घ्या, ध्वनिमुद्रण करा, संमतीपत्र घ्या." इतकं बोलले म्हणजे खूप झालं. काका, पुढच्या महिन्यात मुंबईला येते. नातवाला सांगा, वेळ तुम्ही ठरवा.

आज वडिलांना समोर बसवलं. त्यांना आता ऐकू कमी येतं, त्यामुळे मुलाखत गल्लीनंही ऐकली. विचारलं, आठ माग खरंच चालवायचा का? म्हणाले, "आठ माग होते. आठ एकदम कधी चालले? पाच-सहा चालायचे, एकाचं भीम संपलेलं, एकाजवळ जॉबर (माग दुरुस्त करणारा) बसलेला. बटऱ्या तर निम्मा वेळ उभाच." मग थोडं थांबून, "पण मोजताना मालक आठच मोजायचा. आम्हीपण आठच सांगायचो. सहा म्हटलं की माणूस लहान वाटायचा."

बटऱ्याचं काय झालं ते विचारलं. २०११ मध्ये मालकांनी बिनधोट्याचे माग आणले तेव्हा जुने किलोवर गेले. वडिलांनी फक्त एक धोटा घरी आणला होता. तो देवघराखालच्या फळीवर सापडला. लाकूड तोंडाजवळ गुळगुळीत झालंय, काठाला दातांची बारीक खूण आहे. फोटो उद्या टाकते.

आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिला विचारलं, तुझ्या कांड्या किती मागांना पुरायच्या? म्हणाली, "दोघांच्या मिळून सोळा मागांना. वहीत कुठं लिहिलंय बघ, दिवाणजींना विचार."

म्हणून विचारते, दिवाणजी.

---

दिवाणजी | रविवार, रात्री ८:४५

कामगाराचं नाव, मागाचे नंबर, मीटर, पीक (इंचात आडवे धागे किती), मजुरी असे रकाने. कांडीचा रकाना शेवटी. त्यात फक्त रक्कम. नाव लिहायची पद्धत नव्हती. मी पण लिहिलं नाही.

१९९१ ते ९६ च्या चार वह्या माझ्या माळ्यावर आहेत. एकीला वाळवी लागली आहे. या आठवड्यात येऊन घेऊन जा. येताना आईला आण, कुठली रक्कम कोणाची ते तिला सांगता येईल.